चार नंबरची बाई

संभाजीनगर, बुधवार

माय,

बिरूचा तुझ्या पायावर माथा. पाचोडच्या बाजारात अजिनाथमामा भेटंल, तोच वाचून दाखवील.

अंबिताईची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा काल झाली. आठवडाभर तिच्या झेरॉक्स आणून माझे पाय दुखायलेत, पण जेवण वेळेवर हाय.

मी मागच्या बाकावर बसलो. पंख्यावर चिमणीचं घरटं होतं, तेच बघत राहिलो. तेवढ्यात परीक्षा घ्यायला परगावहून आलेल्या मॅडमनं विचारलं, "मेंढरांच्या औषधांवर एवढा प्रबंध, सांगणाऱ्या सगळ्यांची नावं आहेत. मग सगळ्यात जास्त सांगणारी ही चार नंबरची बाई बिननावाची का?"

ताईनं समोरचा प्रबंध मिटला. मग म्हणली, "माझी आई आहे. नाव लिहायची लाज वाटली."

मॅडम म्हणल्या, "पास केलं. पण आधी आईला विचारून नाव घाला."

तवापासून ताई धड जेवली नाय. मायला कोणत्या तोंडानं विचारू, म्हणती. म्हणून मी विचारतोय.

लंगडी मेंढी चालती का आता?

नाव घातलेलं चालत असंल तर सोबतच्या कागदावर तुझा अंगठा उठव. राग आला असंल तर कोराच धाड. पण रेंज लागली की ताईला फोन कर, मला नको.

तुझा भटका,
बिरू