नोंद नाही

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. तुझं पत्र आणि सोबतचा तक्रारअर्ज मिळाला. खोकला गेला का? आईच्या वृद्धाश्रमातल्या खोलीतलं सामान मी घरी आणलं. चष्मा, लोकरीचे गुंडे, तुझ्यासाठी विणलेला एक पायमोजा. दुसरा तिने सुरूच केला नव्हता.

अर्जावर मी सही केलेली नाही.

सिस्टर तीस पावलांवर बसली होती आणि बेल ऐकूनही उठली नाही, असं तू लिहिलंयस. ती पहिल्या दिवसापासून एकच सांगतेय, बेल वाजलीच नाही. तिला घरी बसवलंय.

चौकशीला मी होतो, वृद्धाश्रमाचं नेटवर्क मीच सांभाळतो म्हणून. संचालकांनी विचारलं, बिघाडाची काही नोंद आहे का. मी म्हणालो, "नोंद नाही." ते खोटं नव्हतं. म्हणूनच इतके दिवस त्याच्या आड बसता आलं.

प्रत्येक खोलीतली वायर, बेलचीसुद्धा, स्विच नावाच्या एका पेटीत येते. कुठल्या वायरीवर कुठलं यंत्र चालेल, त्याची यादी मी पेटीला दिलेली आहे. अनोळखी यंत्र लावलं, की पूर्वी ती जागा बंद पडायची आणि मला फोन यायचा. कुणाच्या नातवाने लॅपटॉप जोडला तरी फोन. रविवारी आईबरोबर जेवायला बसलो की हमखास. ती म्हणायची, "अरे, एकदा तरी सुखाने घास गिळ." म्हणून दोन वर्षांपूर्वी मी ती रीत बदलली. अनोळखी यंत्राकडून कुठलाही संदेश येवो, पेटीने तो पुढे न पाठवता मुकाट टाकून द्यायचा. दिवा तसाच हिरवा. फोन नाही, नोंद नाही. आई खूश झाली होती.

त्या मंगळवारी तिच्या बेलचं बटण अडकत होतं, म्हणून मी नवी बेल बसवली. यादीत तिचा क्रमांक घालायचा राहिला.

"वाजते ना रे?" आईने विचारलं.

हिरवा दिवा बघून मी म्हणालो, "वाजते." बटण दाबून पाहिलं नाही. ताट वाढलेलं होतं.

गुरुवारी दुपारी तिला धाप लागली. पुढचं तुला माहीत आहे. पण बेल आपल्यापुरती मोजणी ठेवते, ती मी काल पाहिली. तीन दहापासून पावणेचारपर्यंत तेवीस वेळा. शेवटच्या तीन फार अंतराने.

सोमवारी सकाळी हे सगळं संचालकांना लिहून देतोय. तोवर हे पत्र तुला पोचलेलं असेल. त्याआधी सिस्टरच्या घरी जाईन. काय बोलेन, माहीत नाही. अर्जातलं नाव बदलून पाठव, लगेच सही करतो.

बोलावंसं वाटलं तर फोन कर. कधीही. आता मी जेवतानाही उचलतो.

तुझा,
धाकटा