मिस्टर इंद्रनील यांची अगादीरची सहल

डंडॉक, आयर्लंड
बुधवार, दुपार

तीर्थस्वरूप रोहिणीवन्संना पद्मजाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात. कंबर सध्या वाकत नाही. का, ते पुढे येईलच.)

तुमचं बीपी कसं आहे? गोळी सकाळी घेता की आठवण झाली की घेता? गुडघ्याला तेल लावता ना? नागपुरात ऊन तापलं असेल, तेव्हा भर दुपारी गच्चीवर पापड राखत बसू नका, कावळ्यांनी दोन नेले तर नेले. माझी तब्येत उत्तम आहे. इथे ऊन पडलं की लोक रस्त्यात थांबून एकमेकांचं अभिनंदन करतात. मी आल्यापासून दोनदा अभिनंदन झालं. पत्र पाहून दचकू नका, सगळे सुखरूप आहेत. या घराच्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत. मी फोनवर खोकले तरी इंद्रनील ऑफिसची मीटिंग सोडून 'आई, काय झालं?' म्हणत येतो. आणि जे सांगायचं आहे ते त्याच्या कानावर आत्ताच जायला नको. म्हणून पत्र.

तर इंद्रनील, चैत्राली, रेवा आणि मी ईस्टरच्या सुट्टीत अगादीरला जाऊन आलो. अगादीर म्हणजे आफ्रिकेच्या वरच्या टोकाला, मोरोक्को देशात, समुद्रकाठचं शहर. इकडची माणसं ऊन खायला तिथे जातात. (विमानात सगळे इतके खुशीत होते की मला वाटलं, पुढे कुणाचं तरी लग्न आहे.) चैत्रालीने आठ दिवस आधीपासून बजावलं होतं, बाहेरचं काही खायचं नाही, पोटं बिघडतात. म्हणून घरीच पनीरचे पराठे केले, डब्यात भरले, डबा बॅगेत, बॅग गाडीत, गाडी विमानतळावर हीटर लावून. पोचल्यावर तिघांनी ते पराठे मनापासून खाल्ले. माझी संकष्टी होती, मी खजूर आणि केळी खाल्ली, तीही बाहेरची. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं आडवे. बाप्पा, काय सांगू वन्सं, एक बाहेर आला की दुसरा आत, अशी न्हाणीघराची पाळी चालू होती. रेवाला विचारलं, कशी आहेस बाळा? तर म्हणे, 'आय'म ग्रँड, आजी,' आणि तोंडावर हात धरून पळाली. (ग्रँड म्हणजे इथे नुसतं बरं. आपण उगाच मोठं समजतो.)

डॉक्टर येऊन औषध देऊन गेले, तीन दिवस विश्रांती म्हणाले. इंद्रनील मला म्हणाला, 'आई, तू बाहेर जाऊ नकोस, हरवशील. खाली हॉटेलच्या बागेत बस.' मी खरंच बागेत बसायला निघाले होते. पण खाली दारात एक उंच, मिशाळ गृहस्थ पाटी घेऊन उभे होते. पाटीवर इंद्रनीलचं नाव. त्याने तीन दिवसांच्या सहली आधीच ठरवल्या होत्या आणि रद्द करायचं आजारपणात कुणाला सुचलं नव्हतं. ते गृहस्थ, ब्राहिम त्यांचं नाव, पाटीकडे बोट दाखवून मला म्हणाले, 'मिस्टर इंद्रनील?' वन्सं, मी नाही म्हणणार होते. तोंडही उघडलं होतं. पण त्यातून 'यस' निघालं. मग दार उघडून धरलेल्या गाडीसमोर किती वेळ उभं राहायचं? बसले.

पहिल्या दिवशी डोंगरावर. पाळण्यात बसून वर जायचं, तारेवरून, एकटीने. अर्ध्या वाटेपर्यंत मी डोळे मिटून अथर्वशीर्ष म्हणत होते. मग एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि खाली तो समुद्र असा काही पसरलेला होता की पुढचे शब्दच विसरले. वर जुना किल्ला आहे. साठ साली भूकंपात जुनं गाव एका झटक्यात गेलं. ब्राहिमने दोन्ही हातांनी जमीन कशी हलली ते दाखवलं. आणि मग खालचं पांढरं शहर दाखवून, हे सगळं नंतरचं, असं खुणेने सांगितलं. तिथे मला तुमच्या भावाची फार आठवण आली. पदर डोळ्याला लावणार, तेवढ्यात एका परदेशी बाईने 'फोटो काढता का' म्हणून तिचा फोन हातात दिला, मग तिच्या बहिणीचा काढला, मग दोघींचा, मग त्यांनी माझा काढला, आणि रडायचं राहून गेलं. (चार वर्षांत असं पहिल्यांदा झालं.) संध्याकाळी खोलीत आले तेव्हा इंद्रनील पांघरुणातून म्हणाला, 'बागेत कंटाळा आला असेल ना?' मी म्हटलं, 'हो रे, फार.'

दुसऱ्या दिवशी उंट. आपल्याला वाटतं उंट पुढून उठतो. तो मागून उठतो. त्यामुळे आपण आधी खाली, वाळूच्या दिशेने जातो आणि मग एकदम वर, ढगांत. मी 'गजानन महाराजऽ' अशी हाक मारली. उंटवाल्याला वाटलं मी उंटाचं बारसं केलं. पुढचा तासभर तो 'गाजानान, गाजानान' म्हणत त्याला चालवत होता आणि तो उंटही, वन्सं, ओ दिल्यासारखा मान हलवत होता. मी वरूनच महाराजांची क्षमा मागितली. नंतर मोठ्या बाजारात गेलो, तिथे एका आजीबाईंनी बदामाची गोड चटणी चाटवली. त्यांच्या मराठीचं आणि माझ्या अरबीचं सारखंच, तरी अर्धा तास सुनांबद्दल बोललो.

तिसरा दिवस सांगताना मी दाराला कडी लावली आहे. तिसऱ्या दिवशी मिस्टर इंद्रनील यांची लाटेवर उभं राहण्याची शिकवणी होती. मी नुसती बघणार होते. पण शिकवणारी मुलगी, नझहा, आपल्या रेवापेक्षा थोडी मोठी, तिने यादीत बघितलं, मला बघितलं, आणि काहीही न हसता माझ्या मापाचा रबरी पोशाख काढून आणला. ती हसली नाही, त्या जिवावर मी तो घातला. घातला म्हणजे दोघींनी मिळून मला त्यात भरलं, नव्या अभ्र्यात उशी भरतात तशी. आधी वाळूवर फळी ठेवून पालथं झोपायचं, मग टुणकन उठायचं. टुणकन माझ्याने कुठून होणार? माझं उठणं म्हणजे आधी एक गुडघा, मग विचार, मग दुसरा गुडघा. मग कमरेइतक्या पाण्यात. सहा वेळा पडले. नाकातोंडात खारं पाणी. सातव्या वेळी मागून लाट आली, नझहा ओरडली, 'अप, मिस्टर इंद्रनील, अप!' आणि मी उभी राहिले, वन्सं! किती वेळ? 'अगं बाई' म्हणायला लागतो तेवढा. त्यातलं 'बाई' मी पाण्याखाली म्हटलं. पण 'अगं' समुद्राच्या वर होतं.

आता त्या शिकवणीवाल्यांची पद्धत अशी की विद्यार्थी उभा राहिला की फोटो काढून लगेच नोंदवलेल्या नंबरावर पाठवायचा. नंबर इंद्रनीलचा. तो बिचारा अंथरुणात पेज पीत होता. पेज अंगावर सांडून, चपला उलट्या घालून, टॅक्सी करून तो अर्ध्या तासात किनाऱ्यावर हजर.

'आई! तुला पोहता येत नाही!'

'पाणी कमरेइतकंच होतं रे.'

'तू बागेत होतीस ना? तीन दिवस?'

'तूच सांगितलं होतंस तसं. म्हणून तुला तेच सांगितलं.'

तो वाळूत बसला. मला वाटलं आता रागावेल, पण तो हसायला लागला. हसता हसता त्याचा चेहरा एकदम लहानपणीसारखा झाला आणि म्हणाला, 'तुला काही झालं असतं म्हणजे? मी कुणाला विचारलं असतं, माझी आई कुठे आहे म्हणून?' मी त्याला जवळ घेतलं. (रबरी पोशाखात जवळ घेतल्यावर चुर्र आवाज होतो.) तिथेच तो म्हणाला, की डंडॉकला परत गेल्या गेल्या माझ्या कायमच्या राहण्याचे कागद भरायला घेतो. मी म्हटलं, 'बघू.' तो खूश झाला. लहानपणी मी 'बघू' म्हटलं की त्याला हवं तेच व्हायचं.

आता पुरे करते, चैत्रालीची यायची वेळ झाली. ज्ञानेशला आणि सूनबाईला आशीर्वाद. तुम्ही स्वतःला जपा, आणि गोळी सकाळीच घ्या.

तुमची,
पद्मजा

ता. क. : तो फोटो सोबत ठेवला आहे. भजनी मंडळात दाखवू नका. अगदीच कुणी मागितला तर लांबून दाखवा.

ता. क. दुसरा : खरं काम हे. नागपुरातला, तुमच्या डोक्यावरचा आमचा मजला विकायला काढायला मी संक्रांतीला 'हो' म्हटलं होतं आणि इंद्रनीलच्या सांगण्यावरून तुम्ही गिऱ्हाईक बघून ठेवलंत. त्यांना नाही म्हणून सांगा. माझं नाव घ्या, हवं तर मला वेड लागलंय म्हणा. एकटी राहायची भीती वाटत होती म्हणून 'हो' म्हटलं होतं, वन्सं. मुलावर, नातीवर माझा जीव आहे, दरवर्षी येईन. पण राहीन माझ्या घरात.

ता. क. तिसरा : इंद्रनीलला अजून सांगितलेलं नाही. हे पत्र तुम्हाला पोचेपर्यंत थांबते, दोन रविवार सोडून तिसऱ्या रविवारी जेवण झाल्यावर सांगणार आहे. लगेच त्याचा तुम्हाला फोन येईल. तेव्हा तुम्हाला हे नवीनच कळतंय असं दाखवा, आणि थोडं रडा. तुम्हाला छान जमतं.

ता. क. शेवटचा : पुढच्या महिन्यात तेवीस तारखेला दुपारच्या विमानाने पोचते. घ्यायला ज्ञानेशला पाठवू नका, माझी मी येईन. फक्त वरणभाताचा कुकर लावून ठेवा.