योजनेत नसलेली पन्नी

गोंदिया, बुधवार

आदरणीय भाऊजींना हिरालालचा दंडवत. तुमचा गुडघा आणि ताईचा खोकला कसा आहे ते कळवा. केशोरीला फ्ल्यू पोचला नसेल तर वेशीवरच अडवा. माझं विचारू नका, मन पार खचलं आहे.

साथीची बातमी येताच आमच्या राइस मिलच्या मालकांनी मला, म्हणजे कारकुनाला, हुकूम सोडला: काहीही होवो, मिल बंद पडता कामा नये, तशी योजना कर. मी तीन दिवस खपून केली. (अशी योजना जिल्ह्यात कुणाची नसेल असं तेव्हा वाटत होतं.) माणसांच्या दोन टोळ्या, सकाळची आणि दुपारची, मध्ये अर्धा तास मिल रिकामी, माठ वेगळे, झाडू वेगळे, हजेरीचं पेनसुद्धा वेगळं. एक टोळी आजारी पडली तर दुसरीने मिल चालवायची. शिवाय प्रत्येकाच्या नावापुढे, तो पडला तर त्याच्या जागी कोण, तेही लिहिलं.

सोमवारी सकाळची टोळी तापाने झोपली. मंगळवारी दुपारची. आज मिल बंद आहे, धानाने भरलेले कट्टे तसेच पडलेत आणि मालक एकच विचारतात, ताप इकडून तिकडे गेला कसा? ज्याने नेला त्याचं नाव शनिवारी लिहून दे, त्याला कायमचा घरी बसवतो.

चौकशीत निघालं ते ऐका. सकाळचा ऑपरेटर रत्नपाल घरी जाताना उरलेला खर्रा (तोच आपला, सुपारी-तंबाखू घोटलेला) प्लास्टिकच्या पन्नीत बांधून कोनाड्यात ठेवायचा, दुपारच्या दुर्गाप्रसादसाठी. त्याच्याकडून उरलेला सकाळी रत्नपालला. फोनवर मी ओरडलो, तर रत्नपाल कण्हत म्हणाला, "आमी कोठी भेटलो जी? पन्नीच भेटून राहिली." माझ्या योजनेत सगळं होतं, पन्नी नव्हती. त्याच्या घरात तो एकटाच कमावता आहे. त्याचं नाव लिहायला हात धजत नाही, भाऊजी.

ताईला नमस्कार.

आपला,
हिरालाल

ता. क. तो कोनाडा माझ्याच टेबलामागे आहे. मधल्या अर्ध्या तासात मिल रिकामी असायची, म्हणजे मी सोडून. त्या पन्नीतली चिमूटभर मीही रोज घ्यायचो. आणि पहिला ताप गेल्या शनिवारी मलाच आला होता. थंडी बाधली म्हणून गोळी घेऊन कामावर गेलो. रत्नपालला सगळं ठाऊक आहे, तरी त्याने माझं नाव घेतलं नाही. म्हणून कागदावर मी माझंच नाव लिहिलं आहे.

पुन्हा ता. क. योजनेत माझ्या जागी तुमचं नाव आहे. (सोसायटीचे निवृत्त गटसचिव, वह्यांची सवय, तुम्हाला विचारायचं तेवढं राहून गेलं.) पत्र बसच्या कंडक्टरच्या हाती देतो आहे, शनिवारी त्याच बसने या. येताना खर्रा आणू नका. आणलाच तर दोन वेगळ्या पन्न्यांत आणा.