भरावातला दगड

आबा, कुरुळीत बोअर घेतोय आणि आज तुमच्याशी बोलल्याशिवाय गत्यंतर नाही. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. तुमच्या वेळी इथे ओढा वाहायचा. आता खाणीतली दगडमाती टाकून तो बुजवलाय आणि वर कंपनीतल्या पोरांसाठी भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्यात. अशा भरावात भोक पाडलं की बाजूची माती आत ढासळते, म्हणून लोखंडी केसिंग पाइप पार खालच्या कातळात नेऊन बसवायचा, ही तुमची पहिली शिकवण.

तुम्ही आईची चहाची गाळणी पळवून आणायचात. भोकातून उडालेला चुरा तिच्यात धुऊन, तो कातळाचा आहे का हे बघायला उन्हात धरायचात. आई करवादायची, "घरात चहा गाळायचा का तुमचा मुरूम?" मोशीच्या कामावर एकदा कडक लागताच मी "कातळ लागला" म्हणून ओरडलो. तुम्ही मशीन थांबवून सगळ्यांसमोर म्हणालात, "दगुड लागला म्हंजी कातळ लागला न्हाई. आजून पाच फूट जा. खाली माती निघाली तर तुझा कातळ गेला उडत." पाच फुटांच्या आतच पिवळी माती निघाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तुम्ही हसत माझ्या हातात चहाचा कप दिलात.

परवा मी ते पाच फूट गेलो नाही. तीस फुटांवर कडक लागलं, चुरा कातळासारखा काळा दिसला, आणि बोअरची गाडी पुढच्या कामावर न्यायची घाई होती. केसिंग तिथेच टेकवलं. तो भरावातला धोंडा निघाला. त्याच्याखालून मशीनच्या हवेच्या दाबाने माती नुसती वर येत राहिली. एवढ्याशा भोकातून एवढा ढीग येतोय म्हणजे जमीन खालून पोकळ होतेय, हे मला कळत होतं. कळत असून मी खाली जात राहिलो, आता पाणी लागेल, मग लागेल म्हणत. काल खोल्यांच्या मागच्या भिंतीला तडा गेला. सकाळी त्यात एक बोट जात होतं, आता दोन जातात.

खोल्यांच्या मालकीण एकट्या आहेत, सगळे त्यांना मावशी म्हणतात. त्यांनी तडा पाहिला आणि मला विचारलं, "खरं सांग, काय चुकलं का रं?"

मी म्हणालो, "न्हाई मावशी. आबा बी असाच पाइप बसवायचे. जमीन जरा बसती, मंग थांबती."

"मंग काय भ्या न्हाई," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापानं पाडलेल्या बोअरचं पाणी माझ्या सासूनं मरंस्तवर पिलं." आणि भाकऱ्या टाकायला आत गेल्या.

त्या अजून आतच आहेत, आबा. भर दुपार आहे. त्या तड्याच्या खोलीत नाइट शिफ्ट करून आलेली दोन पोरं गाढ झोपलीत. मी गाडीच्या केबिनमध्ये बसलोय, समोर त्यांच्या चपला दिसतायत. सगळ्यांना बाहेर काढायचं तर आधी सांगावं लागेल की माझा बाप असं कधीच करत नव्हता, मी चुकलो आणि वर खोटं बोललो. हे पत्र कुठेही जायचं नाही, मला माहीत आहे. दार वाजवायला लागू नये म्हणून मी हे लिहीत बसलोय.