मोगऱ्याचे देठ

१२ एप्रिल २००३, शनिवार, संध्याकाळ

आज पुन्हा गजरा बांधताना मोगऱ्याचे देठ तुटले. चाळीस वर्षं गजरे बांधतेय, आणि आता गाठ आवळताना बोटांना जोर कळत नाही? द्वारका चौकातले डॉक्टर म्हणाले, "हात ठणठणीत आहेत, आजी. वयाने बोटांची जाणीव कमी होते, मग माणूस गरजेपेक्षा घट्ट धरतो." ठणठणीत म्हणे! मग देठ का तुटतात?

सुनेने खाली पडलेल्या कळ्या वेचल्या आणि माझ्यापुढे झेंडूची पाटी न् सुई ठेवली. "आई, तुम्ही हार ओवा ना." गोड बोलली, तेच झोंबलं.

ती लग्न होऊन आली तेव्हा तिच्या हातून देठ तुटायचे, म्हणून मीही तिला झेंडूच दिला होता. अगदी असंच गोड बोलून.