माकडाने धरलेला दुपट्टा

लीड्स, शनिवार

प्रिय आई,
तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

मी बरी आहे. थंडी आहे, पण तू दिलेला स्वेटर पुरतो. फोनवर आपण दोघी रडतो आणि बोलायचं राहून जातं, म्हणून लिहिते आहे.

परवा इंग्रजीच्या वर्गात ‘एस्केप’ शब्द आला. संकटातून निसटणं. बाई म्हणाल्या, लॅटिनमध्ये त्याचं मूळ आहे, अंगरख्यातून बाहेर पडणं. धरणाऱ्याच्या हाती नुसतं वस्त्र राहतं आणि माणूस निघून जातो.

मला रामटेक आठवलं. पायऱ्यांवर माकडाने बाबांच्या खांद्यावरचा दुपट्टा धरला होता. तू ओरडलीस, “अवो, सोडू नका! तुमच्या हातानं विणलेला हाये तो!” बाबांनी सरळ खांदा खाली केला. “जाऊ दे वं. त्याले थंडी वाजून राहिली असंन.” बसस्टँडपर्यंत आपण हसत होतो.

वर्गात आधी हसू आलं, मग डोळे भरले. बाबा त्या शेवटच्या दुखण्यातून केव्हाच सुटले, आई. दुपट्टा धरून बसले आहे ती मी.

तेराव्याला तू त्यांचा शेवटचा दुपट्टा तुळशीरामकाकांना देत होतीस आणि मी फोनवरून अडवलं. आता देऊन टाक. शेजारच्या हातमागावर काकांनी बाबांसोबत जन्म काढला.

गुडघ्याला तेल लावतेस ना? तुझा लाडका लेक जितेंद्र वेळेवर घरी येतो का?

दुपट्टा द्यायच्या आधी एक दिवस तू पांघर.

तुझी,
मयुरा