एकवीस नंबरची घंटा

३ जून

सी या संगणकाच्या भाषेत आयतं काही मिळत नाही. इतर भाषांत डिक्शनरी, म्हणजे नंबर दिला की नाव देणारी यादी, एका ओळीत तयार. इथे विटासुद्धा आपणच भाजायच्या. मला आवडतं ते. बॉसबाईंना नाही. “एवढ्याशा कामाला आठ दिवस?”

एवढंसं! पेशंटच्या उशाशी घंटा (नुसतं बटण, आवाज नाही), परिचारिकांच्या टेबलावर पाटी. घंटा वाजली की पाटीवर नाव आणि खोली दिसलीच पाहिजे. घंटेचा नंबर ही ‘की’, म्हणजे किल्ली; तिने उघडणारं पेशंटचं नाव ही ‘व्हॅल्यू’. यंत्र काडेपेटीएवढं, मेमरी चिमूटभर. आणि म्हणे एवढंसं.

अकरा वर्षं घरी होते ना, म्हणून ऐकायचं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांची घंटा म्हणजे स्टीलची वाटी आणि चमचा. अकरा वर्षांत ती वाजली आणि मी गेले नाही, असं एकदाही झालं नाही. हा अनुभव कुठल्या अर्जात लिहायचा?

५ जून

मांडणी ठरली. बत्तीस खण. घंटेच्या नंबरावरून सूत्र खण सांगणार. तो भरलेला असला तर पुढचा. तोही भरलेला तर त्याच्या पुढचा. शोधतानाही हीच वाट—आणि रिकामा खण लागला की थांबायचं, म्हणजे तो नंबर यादीत नाहीच. सुटसुटीत! खूप दिवसांनी स्वतःवर खूश.

९ जून

संताप, संताप, संताप.

दुपारी घरी आले तर सासूबाईंचा पलंग नाही! नवऱ्याने टेम्पोत घालून कुणाला तरी देऊन टाकला. त्यांना जाऊन अजून तीन महिने नाहीत. आणि हा उकिडवा बसून फरशीवरच्या पलंगाच्या पायांच्या चार खुणा ब्रशने घासतोय!

“खोली मोकळी झाली बघ. तुझं टेबल इथे टाकू.”

आई ह्याचीच ना ती? ओरडले मी. “निदान खूण तरी राहू द्यायचीस!”

“तू कशाला एवढी चिडतेस? सुटलीस की.”

सुटले! म्हणजे अकरा वर्षं मी बांधलेली होते आणि आता दावं सोडलं. ती वाटी मी ओट्याखाली लपवलीय. तिला हात तर लावून बघ म्हणावं.

टेबल त्याच खोलीत आलं. तिथे बसून यादीतून नाव काढून टाकायचं फंक्शन लिहिलं. पाच ओळी. पेशंट घरी गेला—खण रिकामा कर. संपलं. दिवसभरात तेवढंच एक धड झालं.

१२ जून

माझं सूत्र तपासायला दिलं कुणाला, तर हेडफोनला. शेजारच्या टेबलावरचा, वय सव्वीस, कानावरचे उतरत नाहीत म्हणून माझ्यापुरतं त्याचं हेच नाव. त्याने सूत्र खोडून नुसती बेरीज ठेवली.

“ताई, नंबरातल्या दोन आकड्यांची बेरीज पुरते हो. रॉकेट सोडायचंय का आपल्याला?”

“अरे, मग बारा आणि एकवीस एकाच खणावर येतील! दोन्हींची बेरीज तीन!”

“येऊ देत की. तो भरला तर पुढचा आहेच. तुमचीच युक्ती.”

बॉसबाई हसल्या. मी नाही.

१३ जून

अजून रागात आहे.

२ जुलै

व्हायचं ते झालं.

एकवीस नंबरच्या घंटेवर एक निवृत्त शिक्षिका. सकाळी दहाला घंटा वाजवली—बाथरूमला जायचं होतं. चाळीस मिनिटं वाजवत होत्या. वॉर्डात गडबडसुद्धा नव्हती. बारा नंबरचे आजोबा नुकतेच बरे होऊन घरी गेले होते, परिचारिका पाटीसमोरच बसलेली. पाटी कोरी! बाई शेवटी एकट्या उठल्या, पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. परिचारिकेला एकच सांगत होत्या म्हणे, “वाजवली हो मी. वाजवतच होते.”

बारा आणि एकवीस. सांगितलं होतं मी!

४ जुलै

चौकशी. बॉसबाई एकदम गोड. “तुम्ही तेव्हाच सावध केलं होतंत ना? उद्या अकराला लेखी द्या. त्याला काढावंच लागेल.”

देते की! टिंगल करताना रॉकेट आठवलं होतं, आता उड म्हणावं.

तो संध्याकाळी टेबलाशी आला. हेडफोन गळ्यात, चेहरा उतरलेला. “ताई, बेरजेने खण एक येतो, कबूल. पण नंबर हरवतो कसा? दोन दिवस तेच शोधतोय.”

“स्वतःला विचार,” म्हटलं. पर्स उचलली आणि निघाले.

मनात मात्र त्या बाईच. उशाशी घंटा, बोट बटणावर, आणि कुणी येत नाही.

५ जुलै, सकाळ

जबाबात घालायला तारीख हवी होती—मी त्याला कधी बजावलं ती. म्हणून ही वही चाळली. बारा जून सापडला. त्याच्या आधी नऊ जून लागला.

खण रिकामा कर. संपलं.

बाराचे आजोबा घरी गेले, त्यांचा खण मी पुसून कोरा केला. एकवीसचा शोध त्या कोऱ्या खणाशी आला आणि थांबला. बाई पुढच्याच खणात होत्या. इथे कुणीतरी होतं, पुढे बघ—एवढी खूण ठेवायची होती. चूक बेरजेची नव्हतीच.

अकराला वेगळाच जबाब देईन. नोकरी राहील न राहील. बॉसबाईंच्या आधी हेडफोनला फोन लावला. “बोला, ताई.”

नंबर हरवतो कसा, ते सांगितलं.